ऋण चिन्हाचे काय करायचे? बर्फाच्या गाभ्यांवरून समुद्री बर्फाचा इतिहास काढण्याचे बडोद्यातील एक प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या लघुशोधप्रबंधाचे आहे. तिला येथे सई म्हटले आहे. ते तिचे खरे नाव नाही. तिची संस्था, तिच्या मार्गदर्शक आणि तिने वापरलेल्या गाभ्यांची नेमकी ओळख मुद्दाम दिलेली नाही. मी संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. सईच्या आजोबांचे घर आणि आमचे घर रावपुऱ्यात एकाच वाड्यात होते, त्यामुळे आकडेमोडीत अडले की ती माझ्याकडे येत असे. या कामातल्या एका चुकीत माझाही हात होता आणि तीही पुढे नोंदवली आहे.

पार्श्वभूमी

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र दर हिवाळ्यात गोठतो. सप्टेंबरमध्ये हा बर्फ सुमारे 1.8 ते 1.9 कोटी चौरस किलोमीटरवर पसरतो आणि फेब्रुवारीत आटून 30 लाखांच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात उरतो तो साधारण भारताच्या क्षेत्रफळाएवढा आणि हिवाळ्यात असतो तो त्याच्या जवळपास सहापट. सप्टेंबर 2014 मध्ये या विस्ताराने 2 कोटींचा आकडा ओलांडला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 18 लाखांच्याही खाली गेला आणि त्याच वर्षीचा हिवाळी उच्चांक जेमतेम 1.7 कोटीपर्यंत पोहोचला. नऊ वर्षांच्या आत अशी दोन टोके दिसल्यावर, असे पूर्वी कधी झाले होते का, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. उपग्रहांची अखंड नोंद मात्र 1978 च्या अखेरीपासूनच मिळते. त्याआधीचे काही सांगायचे असेल तर अप्रत्यक्ष पुराव्याकडे वळावे लागते.

असा एक पुरावा जमिनीवरच्या बर्फात साठलेला असतो. समुद्रावरचा बर्फ दरवर्षी येतो आणि जातो, पण खंडावर पडणारा हिम थरावर थर दाबला जाऊन टिकतो. त्यात छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलाला आपण गाभा म्हणू. गाभ्याच्या प्रत्येक थरात त्या वर्षीच्या हवेतून खाली आलेले क्षार आणि आम्ले अब्जांशात मोजता येतात. समुद्री बर्फासाठी त्यातली दोन द्रव्ये विशेष उपयोगी मानली जातात.

पहिले मिथेनसल्फॉनिक आम्ल, ज्याला अभ्यासक एमएसए म्हणतात. वसंतात समुद्री बर्फाची कड वितळू लागली की तिथल्या पाण्यात सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढते. त्यापासून डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो आणि हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट व एमएसए तयार होतात. सल्फेट ज्वालामुखींतूनही येते, म्हणून त्यावर एकट्यावर भरवसा ठेवता येत नाही; एमएसएचा उगम मात्र हा सागरी वायूच असतो. यावरून तर्काची साखळी अशी बांधली जाते: हिवाळ्यात बर्फ जास्त, म्हणून वसंतात वितळणारे क्षेत्र जास्त, म्हणून शैवाल जास्त, म्हणून गाभ्यात एमएसए जास्त.

दुसरे द्रव्य सोडियम. ते समुद्राच्या फवाऱ्यातून येते हे उघड आहे, पण समुद्री बर्फाच्या पृष्ठभागावरूनही येते हे चटकन पटत नाही. सईलाही पटत नव्हते, म्हणून आम्ही एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ घालून ते स्टीलच्या डब्यात भरले आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी डबा चाळणीवर उपडा केल्यावर पहिल्यांदा जे थेंब गळले ते जिभेला लावताच तोंड वेडेवाकडे व्हावे इतके खारट होते, आणि नंतर जो बर्फ उरला तो धुऊन चाखला तर जवळजवळ अळणी. पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलते. समुद्रावर हेच घडते: नव्या बर्फाच्या पृष्ठभागावर तीव्र खारे पाणी साचते, त्यावर हिमफुले, म्हणजे फुलांसारखे दिसणारे बर्फाचे नाजूक स्फटिक, उमलतात, वाऱ्याने उडणारा हिम ते मीठ उचलतो आणि खंडावर नेतो. शिवाय तापमान शून्याखाली साधारण 6 ते 8 अंशांवर गेले की या खाऱ्या पाण्यातून सोडियम सल्फेटचे स्फटिक, म्हणजे मिराबिलाइट, वेगळे होतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट आणि सोडियम यांचे वजनी प्रमाण 0.25 असते; बर्फावरून आलेल्या मिठात ते बरेच कमी भरते. खारेपणा उघड्या पाण्यातून आला की बर्फावरून, हे या खुणेवरून ओळखता येते. पूर्व अंटार्क्टिकातील डोम सी येथील गाभ्यावरून 2006 मध्ये 7 लाख 40 हजार वर्षांचा जो सोडियमचा इतिहास मांडला गेला, त्यात हिमयुगांत सोडियम वाढलेले दिसते. उघडा समुद्र तेव्हा उलट आणखी दूर गेलेला होता. या वाढीचा अर्थ लावताना समुद्री बर्फ हाच उगम धरला गेला.

सईने निवड केली ती एमएसएची. सार्वजनिक संग्रहातून तिने दोन गाभ्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या: एक पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळचा, दुसरा अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला असलेल्या वेडेल समुद्राच्या बाजूचा. उपग्रहांच्या काळाशी दोन्हींची 23 वर्षे जुळत होती. या 23 वर्षांवरून नाते ठरवायचे आणि त्या नात्याच्या आधारे मागची दोनशे वर्षे काढायची, असा बेत होता. प्रबंधाचे शीर्षक 'दोनशे वर्षांचा समुद्री बर्फ' असे नोंदवून झाले होते. येथील एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत त्याच शीर्षकाचे तिचे व्याख्यानही मार्चसाठी जाहीर झाले होते.

अडचण

पहिल्या गाभ्याने अपेक्षेप्रमाणे उत्तर दिले. एमएसए वाढले त्या वर्षांत त्या भागातला हिवाळी बर्फही वाढलेला होता. याच बाजूच्या लॉ डोम या ठिकाणच्या गाभ्यावरून 2003 मध्ये असेच नाते प्रसिद्ध झाले होते आणि 1950 च्या सुमारापासून तिथला समुद्री बर्फ साधारण 20 टक्क्यांनी घटला असा निष्कर्ष निघाला होता. सईचा आलेख त्या दिशेने जात होता, त्यामुळे तिचा हुरूप वाढला.

दुसऱ्या गाभ्याने उलट उत्तर दिले. तिथे बर्फ जास्त त्या वर्षी एमएसए कमी. नाते कच्चेही नव्हते. पहिल्याइतकेच ठळक होते, फक्त चिन्ह ऋण होते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "काका, दुसऱ्या गाभ्याच्या फाईलमध्ये चिन्हाची चूक आहे. उलटं केलं की दोन्ही अगदी जुळतात." तिने आधीच 'एमएसए नवे' नावाचा एक स्तंभ तयार करून त्यात मूळ आकडे उणे एकने गुणून ठेवले होते. त्या स्तंभावरून काढलेला दोनशे वर्षांचा आलेख खरोखर देखणा होता. दोन्ही रेषा एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या होत्या.

मी तिला एवढेच म्हटले, "चूक नेमकी कुठे झाली ते मूळ फाईलमध्ये दाखव." या प्रकरणातली पहिली खरी कलाटणी तिथे मिळाली. मूळ फाईलमध्ये होते ते खोलीचे आकडे, वर्ष आणि बर्फातील प्रमाण. प्रमाण कधी ऋण नसते. ज्या आकड्यांना मुळात चिन्हच नाही त्यांत चिन्हाची चूक होणार कशी? राहिली एकच शक्यता: वर्षांचा क्रम उलटा लागला असेल. गाभ्यात वरचे ते नवे आणि खालचे ते जुने, आणि फाईल उतरवताना ही उलटापालट होऊ शकते. सईने ती शंका दोन दिवसांत फेडली. 1815 मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याचे सल्फेट अंटार्क्टिकाच्या हिमात वर्षा-दोन वर्षांनी उतरले आणि गाभ्यांचे वय ठरवणाऱ्यांसाठी तो थर मैलाच्या दगडासारखा आहे. 1991 च्या पिनाटुबोचे तसेच. दोन्ही खुणा तिच्या फाईलमध्ये जिथे असायला हव्या तिथेच होत्या. वर्षे बरोबर होती, आकडेही बरोबर होते, म्हणजे ऋण चिन्ह खरे होते.

आता अडचणीचे स्वरूप बदलले होते. चूक शोधण्याचा प्रश्न सुटला होता, पण ते उत्तर नीट समजून घ्यायचे बाकी होते, आणि हातात वेळ होता पाच आठवडे.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय दुसरा गाभा वगळण्याचा होता. पहिल्या गाभ्यावर प्रबंध पूर्ण होऊ शकत होता, शीर्षक तसेच राहिले असते, व्याख्यानही झाले असते. सईच्या वर्गमित्रांनी हेच सुचवले. यात खोटे काही लिहिले गेले नसते हे खरे. पण वाचकाला हेही कळले नसते की तीच पद्धत दुसरीकडे लावल्यावर उलटी निघाली. पद्धतीवर विश्वास किती ठेवावा हे ज्या एका निरीक्षणावरून ठरते, तेच दडपले गेले असते. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी या पर्यायाला स्पष्ट नकार दिला आणि त्यांचे त्याबद्दल मला कौतुक वाटते, कारण मुदतीचा ताण त्यांच्यावरही होता.

दुसरा पर्याय जास्त मोहाचा होता आणि त्यावर आमची खूप चर्चा झाली. समाश्रयणाच्या, म्हणजे एका मालिकेवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या, समीकरणाला चिन्हाचे वावडे नसते. पहिल्या गाभ्यासाठी धन उतार, दुसऱ्यासाठी ऋण उतार, असे दोन वेगळे सूत्र बसवले की दोन्हींवरून मागचा बर्फ काढता येतो. त्यासाठी 'एमएसए नवे' सारखा स्तंभही लागत नाही. संख्याशास्त्राच्या परीक्षेत याला पूर्ण गुण मिळाले असते. पण सूत्र मागे दोनशे वर्षे नेताना आपण एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरतो: 23 वर्षांत जे कारण हे नाते घडवत होते, तेच कारण उरलेल्या पावणेदोनशे वर्षांतही तसेच काम करत होते. धन नात्यामागचे कारण आम्हाला ठाऊक होते; बर्फ, शैवाल, वायू, आम्ल ही ती साखळी. ऋण नात्यामागचे कारण काय, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. कारण माहीत नसलेले नाते मागे ढकलणे मला पटेना.

तिसरा पर्याय एमएसए सोडून सोडियमकडे वळण्याचा. तो लवकरच मागे पडला. किनाऱ्याजवळच्या गाभ्यांत एका वर्षाचे सोडियम दुसऱ्या वर्षापेक्षा कमी-जास्त होते ते बऱ्याच अंशी वादळांमुळे. बर्फाचा सूर त्या गोंगाटात ऐकू येणे कठीण. हिमयुग आणि आजचा काळ असा हजारो वर्षांचा फरक पाहायचा असेल तर सोडियम कामाचे, सईला मात्र दशकांचा फरक हवा होता.

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि भारतीय मोहिमांनी अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड भागातून आणलेल्या गाभ्यांवर तिथे काम चालते. आणखी गाभ्यांच्या नोंदी तिथून मागवाव्यात हा विचारही झाला. मुदत पाहता तो पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला.

शेवटचा पर्याय प्रश्नच बदलण्याचा होता. 'दोनशे वर्षांत समुद्री बर्फ किती होता' याऐवजी 'हे दोन गाभे समुद्री बर्फाबद्दल काय सांगू शकतात आणि काय नाही' असे विचारायचे. सईला हा पर्याय पराभवासारखा वाटला आणि तिने तसे बोलूनही दाखवले. मी तिला आग्रह केला नाही. आधी ऋण चिन्हाचे कारण शोधू, मग ठरवू, असे आम्ही ठरवले.

काय केले

सर्वप्रथम वाचन. हे डिसेंबरात व्हायला हवे होते. ध्रुवीय गाभ्यांतील समुद्री बर्फाच्या पुराव्यांचा एक विस्तृत आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला आहे आणि त्यात सईला तिचे कोडे जवळजवळ तिच्याच शब्दांत मांडलेले सापडले. वेडेल समुद्राभोवतीच्या तीन गाभ्यांवर 2007 मध्येच काम झाले होते आणि तिथेही हिवाळी बर्फ वाढल्यानंतर एमएसए घटल्याचे आढळले होते. अभ्यासकांनी दिलेले कारण वाऱ्याचे होते. खंडावरून समुद्राकडे वाहणारा थंड वारा जोरात असतो त्या वर्षी तो बर्फाला पुढे रेटतो, नवे पाणी गोठवतो आणि विस्तार वाढवतो. पण तोच वारा समुद्रावर तयार झालेले एमएसए खंडाकडे येऊ देत नाही. बर्फ वाढतो आणि आम्ल पोहोचत नाही, दोन्हींचे कारण एकच.

सईला हे समजले ते बडोद्याच्या अनुभवावरून. शहराबाहेरच्या रासायनिक कारखान्यांचा वास काही रात्री घरात शिरतो आणि काही रात्री अजिबात येत नाही. कारखान्याने त्या रात्री किती माल काढला हे त्या वासावरून ठरवू पाहणारा माणूस फसेल, कारण तो बहुतांशी वारा मोजत असतो. "म्हणजे माझा दुसरा गाभा बर्फाची नोंद ठेवतच नाही, वाऱ्याची ठेवतो," असे ती म्हणाली. वाक्य थोडे जास्त ठाम होते, पण दिशा बरोबर होती.

दुसऱ्याच्या गाभ्यांसाठी दिलेले कारण आपल्या गाभ्याला लागू पडते का, हे तपासणे हे पुढचे पाऊल होते. हवामानाच्या पुनर्विश्लेषित नोंदींतून, म्हणजे जुनी निरीक्षणे संगणकीय प्रारूपात घालून पुन्हा मांडलेल्या नोंदींतून, तिने त्या भागातील दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याचा वर्षवार जोर काढला आणि तो एमएसए व बर्फ या दोन्हींशी ताडून पाहिला. जोराच्या वर्षांत बर्फ जास्त आणि आम्ल कमी, हे तिच्या गाभ्यातही दिसले. उपग्रहांआधीच्या काळासाठी तिने साउथ ऑर्कनी बेटांवरची नोंद घेतली. तिथल्या लॉरी बेटावर 1903 मध्ये एका स्कॉटिश मोहिमेने केंद्र उभारले, 1904 मध्ये ते अर्जेंटिनाकडे गेले, आणि उपसागर कधी गोठला व कधी फुटला याच्या नोंदी तेव्हापासून होत आल्या आहेत. हे बेट वेडेल समुद्राच्या उत्तर कडेला आहे. त्या नोंदीशीही ऋण नाते टिकले, फक्त सर्व दशकांत सारखे नव्हते. काही काळ ते ढिले पडत होते. ज्या सूत्राला आम्ही डोळे मिटून मागे नेणार होतो ते किती ताणता येते, याचे उत्तर त्या ढिलेपणात होते.

आता माझ्या चुकीकडे येतो. जानेवारीत आलेख फार दातेरी दिसतो म्हणून मी सईला पाच वर्षांची फिरती सरासरी घ्यायला सांगितले होते. त्यामागे एक योग्य कारणही होते. पडल्यानंतर एमएसए बर्फात जागचे हलते. उन्हाळ्याच्या थरातून शेजारच्या हिवाळ्याच्या थरात सरकते, आणि जिथे हिम फार कमी पडतो तिथे ते वरच्या कच्च्या थरांतून उडूनही जाते. एकेका वर्षाच्या आकड्यावर त्यामुळे फार भिस्त ठेवू नये, सरासरी बरी. पण सरासरी घेतल्यावर सहसंबंध किती खरा मानायचा याचे माप बदलते आणि ते बदलायला मी विसरलो. दोन मालिका एकमेकींशी किती जुळून चालतात हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक; चिन्ह सोडले तर तो 0 ते 1 मध्ये असतो. सुट्या 23 वर्षांसाठी तो 0.41 च्या वर गेला की पाच टक्के पातळीवर दखलपात्र मानतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तेवढा येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. पाच-पाच वर्षे एकत्र केल्यावर मात्र 23 वर्षांतून स्वतंत्र अशी माहिती जेमतेम चार तुकड्यांची उरते, आणि चार तुकड्यांसाठी तीच पातळी 0.95 आहे. सईचे गुणांक पहिल्या पातळीच्या वर होते, दुसरीच्या खाली. जो आलेख आम्हाला भक्कम वाटत होता त्याचा बराचसा भक्कमपणा सरासरीने आणलेला होता. मी ही गोष्ट मॅडमना त्याच दिवशी फोन करून सांगितली. सईने सर्व गणित सुट्या वर्षांवर पुन्हा केले, दोन्ही मालिकांमधला सरळ कल काढून टाकून आणखी एकदा केले, आणि कोणत्या पद्धतीत किती उरते याचा एक तक्ता बनवला. पहिल्या गाभ्याचे धन नाते या चाळणीतून बाहेर पडले, पण बारीक होऊन.

पहिल्या गाभ्यावरून निघणारी विसाव्या शतकातली घट मग आणखी एका वेगळ्या पुराव्याशी ताडून पाहावी असे ठरले. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी प्रत्येक शिकारीची जागा लिहून ठेवली होती आणि शिकार बर्फाच्या कडेलगत होत असे, कारण देवमाशांचे अन्न तिथे असते. 1997 मध्ये या नोंदींवरून असा निष्कर्ष मांडला गेला की 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उन्हाळी बर्फाची कड 2.8 अक्षांशांनी, म्हणजे सुमारे 310 किलोमीटर, दक्षिणेकडे सरकली. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. बडोद्यात वाढलेल्या मुलांना तो लहानपणापासून ओळखीचा असतो. सई त्या आठवड्यात मुद्दाम पुन्हा जाऊन त्याच्या फासळ्यांखाली उभी राहिली आणि म्हणाली की हा प्राणी आपल्या तक्त्यातला एक आकडा असेल असे कधी वाटले नव्हते. या पुराव्यावरही आक्षेप आहेत. शिकारीच्या जाती काळानुसार बदलल्या, आणि जहाजाच्या डेकवरून दिसणारी बर्फाची कड व उपग्रहाला दिसणारी कड एक नसते. उपग्रहाच्या हिशेबात 15 टक्के पाणी बर्फाने झाकलेले असेल तिथे कड धरतात. शिवाय शिकारीची नोंद उन्हाळ्याची आणि एमएसएची साखळी हिवाळी बर्फाची. सईने दोन्ही शेजारी मांडले, दिशा जुळते एवढेच लिहिले आणि आकडे एकमेकांवर बसवण्याचा मोह टाळला.

काय निष्पन्न झाले

प्रबंधाचे शीर्षक बदलावे लागले. त्यासाठी अर्ज, सह्या आणि एक बैठक, एवढे झाले. पहिल्या गाभ्याचे प्रकरण वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. दोन्ही एकत्र करून काढलेला दोनशे वर्षांचा आलेख प्रबंधात नाही. पहिल्यावरून मागचा बर्फ दशकांच्या सरासरीत आणि रुंद अनिश्चिततेसह मांडला आहे. दुसऱ्याबद्दल असे लिहिले आहे की तो समुद्री बर्फाचे माप म्हणून वापरू नये, वाऱ्याच्या जोराचा साक्षीदार म्हणून मात्र तो मोलाचा ठरू शकतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "मग तुमच्या हाती काय लागले?" सईने अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे उदाहरण दिले. तिथल्या गाभ्यांवरून 2010 मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्रातला बर्फ विसाव्या शतकात घटत गेल्याचे दाखवले गेले, आणि तिथे एमएसएचे नाते धन आहे. वेडेल समुद्र त्याच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथे नाते ऋण. मधे डोंगरांची एक रांग. एका बाजूचे सूत्र दुसऱ्या बाजूला लावले तर घट वाढ दिसेल आणि वाढ घट, असे तिने सांगितले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न वाऱ्याच्या नोंदींवर विचारला.

व्याख्यानाचे शीर्षक बदलण्याबद्दल मंडळाच्या कार्यवाहांशी थोडे अवघड बोलणे झाले, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. शेवटी जुन्याच पत्रिकेवर व्याख्यान झाले आणि सईने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की शीर्षकात दिलेले आश्वासन ती पाळू शकत नाही आणि का पाळू शकत नाही हेच ती सांगणार आहे. लोक उठून जातील अशी मला धास्ती होती. कोणी गेले नाही. कारखान्याच्या वासाचे उदाहरण आले तेव्हा सभागृहात माना डोलल्या.

वेगळे काय करता आले असते

आढावा आधी वाचला असता तर सहा आठवडे वाचले असते. याबद्दल दुमत नाही. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते गाभे निवडण्याच्या वेळचे. सईने गाभे निवडले ते नोंद लांब आणि फाईल स्वच्छ पाहून. त्या जागी वारा कोणत्या बाजूने येतो, हिम किती पडतो, एमएसए टिकण्याइतका पडतो का, हे तीन प्रश्न निवडीच्या वेळी विचारायला हवे होते. एका भागातून एकच गाभा घेण्याऐवजी शेजारशेजारचे दोन घेतले असते, तर एका जागेचे वैशिष्ट्य कोणते आणि साऱ्या भागाचे कोणते, हेही वेगळे करता आले असते.

नाते ठरवण्याआधी अपेक्षित चिन्ह आणि त्याचे कारण कागदावर लिहून ठेवायला हवे होते, तारखेसह. सईच्या मनात धन चिन्ह गृहीत होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. त्यामुळे ऋण चिन्ह समोर आल्यावर ते तिला नव्या माहितीसारखे न वाटता फाईलमधल्या बिघाडासारखे वाटले. आणि सरासरीची सूचना देताना मी त्याच बैठकीत तिच्याकडून स्वतंत्र तुकड्यांची संख्या मोजून घ्यायला हवी होती. शीर्षक आणि व्याख्यान यांची घाई कोणाची होती याचा शोध घेण्यात मला रस नाही, पण निष्कर्षाच्या स्वरूपाचे शीर्षक निष्कर्षाआधी नोंदवले की ऋण चिन्ह पाहणाऱ्यावर किती दडपण येते, हे मी त्या फेब्रुवारीच्या संध्याकाळी सईच्या चेहऱ्यावर पाहिले.

एका गोष्टीवर आमचे अजून एकमत नाही. दुसऱ्या गाभ्याचे नाते काही दशकांत ढिले पडले ते वाऱ्याचा साचा बदलल्यामुळे, की त्या काळातल्या थरांत एमएसए जास्त सरकल्यामुळे, हे तिच्या नोंदींवरून सांगता येत नाही. मॅडमना पहिले कारण संभवनीय वाटते, मला दुसरे. सईने प्रबंधात दोन्ही लिहिली आहेत.

प्रबंधाच्या शेवटी तिने एक परिशिष्ट जोडले आहे, जे कोणी मागितले नव्हते. त्यात 'एमएसए नवे' हा उणे एकने गुणलेला स्तंभ, त्यावरून काढलेला तो देखणा आलेख आणि तो काढला त्या दिवसाची तारीख आहे. खाली एका ओळीत लिहिले आहे की मूळ आकड्यांत कोणतीही चूक नव्हती.